आठ नट आणि एक शिवळ

परवा धाराशिवच्या बसस्टँडसमोर चहा पीत बसलो होतो. एक तरणा गडी मोठ्या फटफटीवरून उतरला. लांबच्या प्रवासाला निघालेला असावा, अंगावर चार जिल्ह्यांची धूळ होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या पेट्या. त्यानं एका पेटीचा खटका दाबला, पेटी सुटली. दुसरीचा दाबला, तीही सुटली. दोन हातांत दोन पेट्या घेऊन गडी लॉजचा जिना चढून गेलासुद्धा. माझा चहा अजून अर्धाही झाला नव्हता.

शेजारचा माणूस म्हणाला, ‘‘काय सोय झालीय बघा आता.’’

त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, ‘‘सोय कधीचीच होती हो. होऊ दिली नाही.’’ तो उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला.

माझं डोकं असं एकदम फिरतं. बायको म्हणते, चाळीस वर्षं झाली त्या पेटीला, आता तरी सोडा. कशी सोडू? त्या पेट्यांना आठ नट होते. एकेका पेटीला चार. आणि प्रत्येक नटावर वेल्डिंगचा एक डाग. डोळे मिटले तरी आठही दिसतात मला.

नीट सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होतो आणि माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आम्ही बौद्ध. पण त्या कामावर गावातले झाडून सगळे होते, चांगल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायासुद्धा तोंडावर पदर ओढून ढिगाजवळ बसलेल्या. दुष्काळ सरला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडं सहकाराचं वारं सुटलं. ज्याच्या त्याच्या तोंडी सोसायटी, संघ आणि संचालक. आमच्या भागातही दूध संघ निघाला. खवा इकडं आधीपासून व्हायचाच, दूध होतं. संघानं वर संकरित गायी आणून दिल्या. गावठी गाय पाचोळा खाऊनही तगायची. ह्या गायी बादली भरून दूध द्यायच्या आणि जराशानं आजारी पडायच्या. त्यांना बघायला संघानं एक माणूस ठेवला होता, तो गेल्यावर त्या जागी मी. जनावरांच्या औषधपाण्याचा कोर्स केला होता. मी काही डॉक्टर नव्हतो, पण वाड्यावस्त्यांवर सगळे डाक्टरच म्हणायचे. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारा मी पहिला.

रुजू झालो त्या दिवशी चेअरमननी संघाची फटफटी दाखवली. जुनीच होती, पण इंजिन चांगलं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन पेट्या, खाकी रंगाच्या. एका पेटीत बाटल्या, दुसरीत सुया, नळ्या आणि पावडरी. चेअरमन मोठे बागायतदार, पण आवाज कधी चढवायचे नाहीत. हळू बोलूनच सगळी कामं करून घ्यायचे. म्हणाले, ‘‘पेट्या गाडीवरनं काढायच्या न्हाईत. आधीच्या मान्सानं औषधं बाहेर इकली, म्हणून डागून घेतल्यात. काय लागंल ते पेटी उघडून घ्यायचं.’’

म्हणजे आधीच्या माणसाची चोरी माझ्या नावावर. मला ते झोंबलं. पण सकाळी घरून निघताना आई म्हणाली होती, ‘‘मोठी मान्सं सांगत्याल तसं कर बाबा. उलटं बोलू नगंस.’’ मी मान डोलावली आणि किल्ली घेतली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

मग सुरू झाली कसरत. गाडी वस्तीच्या दारात उभी करायची, पेटी उघडायची, आजाराचा अंदाज करून औषधं खिशात कोंबायची आणि गोठ्याकडं जायचं. तिथं गेल्यावर कळायचं, पोट फुगलेलं नाही, कासेला सूज आहे. की परत गाडीकडं. खिशात सुया, काखेत बाटली, गळ्यात नळी. बायका पदराआड हसायच्या, ‘‘डाक्टर आलाय का कासार आलाय गं?’’ मीही हसायचो. काय करणार? निम्म्या वस्त्यांना तर गाडी जातच नव्हती. बैलगाडीची चाकोरी जिथं संपायची तिथं माझी फटफटीही थांबायची, आणि पुढं अर्धा-अर्धा मैल पायी. पेटी नुसती हातात घेऊन जाता आली असती तर! हे मला रोज वाटायचं. रोज वाटायचं आणि रोज मी गप्प बसायचो.

ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर एक बाई होती. नवरा दमेकरी, रान मुरमाड, पाऊस पडला तर पिकणारं. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला न्याहाळून बघितलं आणि माझ्या आईचं नाव घेतलं. ‘‘तिचं पोरगं न्हवं का तुमी? नाक तसंच हाय.’’ बहात्तरला दोघी एकाच ढिगावर बसल्या होत्या. ती काही आमच्यातली नव्हती, पण आईची चौकशी केल्याशिवाय तिनं मला कधी जाऊ दिलं नाही. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. खडी फोडताना हातोडा बोटांवर बसलेला.

संघाची गाय तिलाही मिळाली होती. काळीपांढरी, कपाळावर मोठा टिक्का. त्या गाईचं तिनं जे केलं ते लोक लेकीचं करत नाहीत. त्या साली पुन्हा पावसानं दगा दिला, कडबा मिळेना. ही बाई कुठून कुठून उसाचं वाढं डोक्यावर आणायची. रोजगार हमीचं काम निघालं, वस्तीवरच्या बाकीच्या बाया परत खडीवर गेल्या. ही गेली नाही. मला म्हणाली, ‘‘ह्या गाईनं माझा हातोडा सोडवला, डाक्टर. आता येईल, मग दूध सुरू हुईल. परत त्या ढिगावर बसायचं न्हाय मला. लई झालं ते.’’ ‘येणं’ म्हणजे आमच्याकडं व्यायणं. गाय गाभण होती.

मी म्हटलं, ‘‘मावशी, व्यायच्या वेळी काही वाटलं तर लगेच निरोप द्या. ह्या जातीची गाय व्याल्यावर बसते कधीकधी. घाबरायचं नाही. एक बाटली शिरेतून दिली की गाय उभी राहते.’’

खोटं सांगितलं नव्हतं मी. व्याल्यावर गाईच्या रक्तातला चुना एकदम उतरतो, कान गार पडतात, गाय मान पोटाकडं वळवून बसते आणि उठत नाही. वेळ गेली की आडवी होते आणि संपते. पण वेळेत कॅल्शियमची बाटली मानेच्या शिरेतून सावकाश सोडली, की मेलेली वाटणारी गाय डोळ्यांदेखत कान हलवते, शेण टाकते आणि उठून वासराला चाटायला लागते. आमच्या धंद्यात दुसरं एवढं सुख नाही.

निरोप आला सकाळी. तिचा दीर सायकलवर आला, धापा टाकत. ‘‘गाय येली. कालवड झाली. पन् पहाटंपासून बसलीया, उठंना.’’

मी गाडी अशी हाणली की वाटेतली कोंबडी उडून छपरावर गेली. ओढ्यापाशी आलो. ओढा कोरडा ठणठणीत, पण पात्रात वाळू घोट्याएवढी आणि पलीकडची दरड उभी. गाडी जाणं शक्यच नाही. पेटी उघडली. एक बाटली काखेत, एक बाटली शर्टात, नळी गळ्यात, सुयांची डबी पँटच्या खिशात. आणि पळत सुटलो.

वस्तीवर पोचलो तेव्हा गाय आडवी झाली होती. पोट फुगत चाललेलं, पण डोळा जिवंत होता. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कालवड कोपऱ्यात धडपडत उभी राहायला बघत होती. मी म्हटलं, ‘‘वेळ आहे अजून, मावशी. उशी द्या पाठीला, बसती करा तिला.’’ दिरानं आणि तिनं गाय रेटून बसती केली, पाठीला पोतं लावलं. मी मानेला दोरी आवळली. शीर टरारून वर आली. एका हातात बाटली, आणि दुसरा हात खिशात.

डबी नव्हती.

दुसरा खिसा बघितला. शर्ट झटकला. नळी आहे, बाटल्या दोन आहेत, दोन्ही धड. सुई नाही. दरड चढताना चार पायांवर आलो होतो, तिथंच कुठंतरी खिशातून निसटली. मी खुळ्यासारखा तसाच उभा राहिलो. औषध हातात, शीर बोटाखाली, आणि दोन्हीच्या मधे घालायला बोटभर सुई नाही.

बाई म्हणाली, ‘‘काय झालं?’’

मी पळालो. दरडीवर शोधलं, वाळू उपसली, कुठं सापडायची? ओढा ओलांडून गाडीशी गेलो. पेटीच्या तळाशी एक जुनी सुई होती, ती घेतली आणि परत पळालो. छाती फुटायची वेळ आली होती. वस्तीवर आलो तेव्हा दीर बाहेर येऊन उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, त्यावरूनच कळलं.

गाय गेली होती. बाईनं डोकं अजून मांडीवरच धरलं होतं. ती रडत नव्हती. मी समोर खाली बसलो आणि सुई दाखवली. कशाला दाखवली देव जाणे. तिनं सुईकडं बघितलं, बाटल्यांकडं बघितलं, आणि साधं विचारलं, ‘‘समदी पेटीच का न्हाय आणली, डाक्टर?’’

‘‘पेटी निघत नाही, मावशी,’’ मी म्हटलं. ‘‘डागलेली आहे.’’

ती म्हणाली, ‘‘बरं.’’

बरं! शिव्या घातल्या असत्या, माती उचलून फेकली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या ‘बरं’नं माझी झोप घेतली.

दुसऱ्या दिवशी भूमचा बाजार होता. बाजाराच्या कडेला एक म्हातारा लोहार बसायचा. भाता होताच, शिवाय लेकाच्या हट्टानं त्यानं वेल्डिंगचं मशीनही घेतलं होतं. मी गाडी थेट त्याच्या भट्टीपुढं उभी केली. ‘‘मामा, छिन्नी आणि घण द्या.’’

‘‘काय करायचंय?’’

‘‘हे आठ नट तोडायचेत.’’

म्हातारा उठला, पेटीजवळ आला, डागांवरून बोट फिरवलं आणि परत जाग्यावर जाऊन बसला. म्हणाला, ‘‘संघाचा कागद हाय का?’’ मी म्हटलं, कागद नाही, छिन्नी द्या. त्यानं दिली. मी घाव घालायला लागलो. तीन नट उडाले तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘हे डाग म्याच मारलेत, डाक्टर.’’

‘‘असू द्या. तुमचा काय दोष? आधीच्या माणसानं चोरी केली.’’

‘‘कुनी केली?’’ म्हाताऱ्यानं मान वर केली. ‘‘आधीचे डाक्टर? छे. देवमाणूस. बदली घिऊन गेले ते गावाकडं. त्येंच्या येळला ह्या पेट्यांना चामड्याचे पट्टे व्हते. पट्टा सोडायचा, पेटी उचलायची, थेट चुलीपतुर जायचे. च्या पिऊन यायचे.’’

‘‘मग डागल्या कधी?’’

तो भात्याकडं बघत बसला. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाला, ‘‘तुमी रुजू व्हायच्या आधी आठ दिवस. चेअरमननी गाडी धाडली. म्हनले, नवा मानूस येतुया, पेट्या पक्क्या करा. गाडी दारात ऱ्हाऊ द्या.’’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चोर समजत होते असं मला वाटत होतं. चोर परवडला असता! पेटी दाराबाहेर राहायला पाहिजे होती, कारण पेटी धरणारा हात दाराबाहेर राहायला पाहिजे होता. एवढ्यासाठी आठ नट. एवढ्यासाठी त्या बाईची गाय. उरलेले पाच नट मी कसे तोडले मला आठवत नाही. शेवटच्याला घण निसटला आणि बोटांच्या पेरांची सालं निघाली. म्हातारा म्हणाला, ‘‘बास, बास. पेटीनं काय केलं? आता लावायच्या कशा ते बोला.’’

पट्टे परत लावायचे, मी म्हटलं. तो म्हणाला, पट्टा खडबडीत वाटेवर ढिला पडतो, आधीच्या डाक्टरांची पेटी दोनदा पडली होती. आम्ही दोघं विचार करत बसलो. समोर बाजाराला आलेला एक गाडीवान गाडी सोडत होता. त्यानं जुवाच्या टोकाची शिवळ उपसली, म्हणजे बैलाच्या मानेबाहेर जुवात उभी असते ती खुंटी. शिवळ निघाली की बैल मोकळा. त्याचं बोलणंसुद्धा थांबलं नाही, एका हातानं झालं.

मी म्हटलं, ‘‘मामा, मला हे पाहिजे.’’

‘‘बैल?’’

‘‘शिवळ हो, शिवळ!’’

म्हातारा पोट धरून हसला आणि मग कामाला लागला. पेटीच्या पाठीला वर दोन लोखंडी आकडे, ते गाडीच्या दांडीवर अडकायचे. खाली पेटीला एक कान आणि गाडीला एक कान. दोन्ही कानांची भोकं जुळली की वरून शिवळ. शिवळ उपसली, पेटी वर उचलली की सुटली. वर धरायला मूठ. शिवळ लोखंडाची केली तर खडखडायची, म्हणून बाभळीची. मी विचारलं, पावसात फुगेल का? म्हणाला, ‘‘पाऊस दावा आधी.’’

पहिल्याच फेरीला फजिती झाली. सोनारीकडच्या वाटेवर इतके धक्के बसले की शिवळ वर उडाली, डावी पेटी मागं कुठंतरी पडली आणि मला पुढच्या गावात कळलं. परत गेलो तर यात्रेकरूंची एक बैलगाडी पेटीपाशी थांबलेली. एक आजोबा म्हणाले, ‘‘पोरा, शिवळीला दोरी नाय व्हय? बैल तरी राहील का असा?’’ खरंच होतं. बैलाच्या गळ्याखालचा पट्टा शिवळीला धरून ठेवतो, ते आम्ही विसरलो होतो. मग लोहारानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून शिवळीच्या डोक्यावरून ताणून बसवली. पुन्हा कधी उडाली नाही. अजून एक शिकलो. एका बाजूची पेटी काढली की गाडी स्टँडवर कलते आणि भुसभुशीत जमिनीत स्टँड रुतून आडवी होते. म्हणून स्टँडखाली ठेवायला एक चपटा दगड पेटीतच ठेवला. संकटाच्या वेळची सगळी औषधं उजव्या पेटीत. गाडी थांबली, दगड टाकला, शिवळ उपसली, चाललो. बैल सोडायला लागतो तेवढा वेळ.

त्या पेटीनं किती जनावरं वाचवली ते मी मोजलं नाही. एवढं खरं की त्यानंतर सुई विसरली म्हणून एकही जनावर गेलं नाही. पण पेटी हातात घेऊन मी वस्तीच्या अंगणात शिरायला लागलो, तशी काही जणांची तोंडं वाकडी व्हायला लागली. एकानं तर म्हैस अडली असताना मला वाटेत अडवलं. ‘‘पेटी हितं वसरीवर नगं. तकडं ठेवा, पल्याड.’’ मी म्हटलं, ‘‘म्हैसही पल्याड आणता का?’’ मुकाट बाजूला झाला. वासरू बाहेर आलं तेव्हा हात जोडले त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तक्रार केली.

दोन महिन्यांत मला संघाच्या हापिसात बोलावणं आलं. संचालक मंडळाची बैठक. सात-आठ जण सतरंजीवर, चेअरमन खुर्चीवर, कोपऱ्यात सेक्रेटरी ठरावाची वही मांडून.

‘‘संघाच्या मालमत्तेची मोडतोड केली तुमी,’’ चेअरमन नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले.

‘‘केली.’’

‘‘कुनाला इचारून?’’

‘‘पेट्यांचे पट्टे तोडून त्या डागल्या, ते कुणाला विचारून?’’

मग एक जाडजूड संचालक म्हणाला, ‘‘त्ये चोरीसाठी डागलं व्हतं.’’

‘‘चोरी झालीच नाही. आधीच्या माणसाला देवमाणूस म्हणतात भूममध्ये. मी यायच्या आधी आठ दिवस डागल्या. माझ्यासाठी डागल्या.’’

‘‘आता मान्सं बोलत्यात,’’ तो चुळबुळत म्हणाला. ‘‘तुमी पेटी घिऊन थेट आत जाता.’’

‘‘काय बोलतात?’’

‘‘तुमाला म्हाईत हाय की.’’

‘‘नाही माहीत. तुम्ही सांगा. मोठ्यानं सांगा.’’

कोणी सांगेना. चेअरमननी हात वर केला. ‘‘वाद नगं. सोमवारच्या आत पेट्या परत डागून घ्यायच्या. इशय संपला.’’

मग मात्र माझा आवाज सुटला. इतका की बाहेर दुधाचे कॅन धुणारे गडी आत डोकावले. ‘‘नाही संपला. ठराव करा. ह्या संघात केरसुणी आणायची तरी ठराव होतो. सूचक अमुक, अनुमोदक अमुक, सर्वानुमते मंजूर. मग हाही लिहा. पेट्या का डागायच्या ते कारण लिहा, खाली सूचकाचं नाव लिहा. मी तो कागद घेतो आणि तुमच्यासमोर स्वतःच्या हातानं डाग मारून देतो.’’

सेक्रेटरी पोटभरू माणूस. त्याला काही उमजलं नाही. त्यानं टोपण काढलं आणि विचारलं, ‘‘सूचक कोन घालू?’’

एक जण छताकडं बघायला लागला. दुसऱ्यानं सतरंजीचा दोरा ओढायला घेतला. जाडजूड संचालकाला खोकला आला, तो पाणी प्यायला बाहेर गेला आणि परत आलाच नाही. मनात सगळ्यांच्या होतं. पण कागदावर नाव घालायला एकही पुढं येईना.

मी सेक्रेटरीला म्हटलं, ‘‘बरं, पहिला ठराव दाखवा. माझ्या आधी पेट्या डागल्या, त्याचा.’’

त्यानं वही मागं-मागं चाळली. गायींचे ठराव निघाले, कॅनचे निघाले, खुर्च्यांचे, केरसुणीचेसुद्धा निघाले. पेट्यांचा नाही. ‘‘न्हाय घावत,’’ तो म्हणाला.

‘‘त्ये तोंडी व्हतं,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘पुढला इशय घ्या.’’

मी जिंकलो होतो. शिवळ राहिली. हापिसातून बाहेर आलो, फटफटीला किक मारली. अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेऊन बसलो. तोंडी होतं! म्हणजे हुकूम नव्हताच. कुठल्या कागदावर नव्हता, कुठल्या वहीत नव्हता. एका माणसानं हळू आवाजात एक वाक्य म्हटलं आणि मी वर्षभर त्या आठ डागांना कायदा समजत राहिलो. पहिल्याच दिवशी ‘लेखी द्या’ असे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले असते, तर पहिल्याच आठवड्यात पेटी सुटली असती. त्यांनी डागलं ते डागलंच. पण छिन्नी भूमच्या बाजारात दर आठवड्याला होती. मीच गेलो नाही. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो आणि माझी नोकरी राहिली. हातोडा मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेला.

कुणाच्या, ते पंधरा दिवसांनी बघितलं. परांड्याच्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, ढिगाजवळ बाया. मी गाडी हळू केली. एक बाई उठून उभी राहिली आणि हात केला.

तीच होती. डोक्याला फडकं बांधलेलं, उजव्या हातात हातोडा. डाव्या हाताच्या वाकड्या बोटांना चिंधी गुंडाळलेली, चिंधीवर ताजं रक्त.

‘‘थांबा डाक्टर. तुमची वस्तू हाय माझ्यापाशी,’’ ती म्हणाली. कनवटीची गाठ सोडली आणि सुयांची डबी काढून माझ्या हातात दिली. ‘‘दरडीवर घावली. कालवड चारायला गेलते तवा. कवा तरी दिसाल म्हणून जवळच ठिवली.’’

डबी न उघडताच मी तशीच धरून उभा राहिलो. म्हटलं, ‘‘कालवड कशी आहे?’’

‘‘हाय. शेजारच्या म्हशीचं पाजते.’’ मग तिची नजर पेटीवर गेली. ‘‘निघती म्हनं आता पेटी तुमची? बाया बोलत व्हत्या.’’

‘‘निघते.’’

‘‘दावा बरं.’’

मी गाडीवरून उतरलो. ट्यूबची पट्टी सरकवली, शिवळ उपसली, पेटी उचलून तिच्यासमोर धरली. हातोडे थांबवून बाकीच्या बायाही बघत होत्या.

तिनं पेटीकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या त्या बाभळीच्या खुंटीकडं बघितलं, बराच वेळ.

‘‘येवढंच व्हतं व्हय?’’ ती म्हणाली.

आणि खाली बसून तिनं पुढचा दगड ओढून घेतला.